मुखपृष्ठावरची गंगा

“काका, प्रत्येक मंगलाष्टकात गंगा आहे. म्हणून मुखपृष्ठावरही गंगाच घेतली,” असं म्हणत चित्रकार मुकुलने रंगवलेला कागद चटईवर पसरला. “ऑफसेटवर छापलं की मस्त उठेल.”

उगवता सूर्य, दोन नावा, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. ढुंढिराजशास्त्री वाकून बघत होते. काशीतल्या मराठी लग्नांसाठी त्यांच्या पत्नीने, शरदिनीबाईंनी, आयुष्यभर मंगलाष्टकं रचली होती. त्यांच्या वर्षश्राद्धाला ती सगळी पुस्तकात छापून वाटायची होती.

“छान आहे,” शास्त्री म्हणाले. “तिचा गंगेवर फार जीव होता.”

शेजारच्या लतिकाबाई आपल्या मुलीच्या लग्नातलं मंगलाष्टक घेऊन आल्या होत्या. त्या चित्राकडे बघतच राहिल्या.

“भाऊजी, शरदिनीताई तर गंगेला घाबरायच्या.”

शास्त्री हसले. “रामघाटावर जन्म काढला तिने!”

“म्हणून तर. तुम्ही सकाळी पोहायला उतरलात की त्या या नदीकडच्या खिडकीत येऊन उभ्या राहायच्या. तुम्ही पायरीला लागेपर्यंत हलायच्या नाहीत. दूध उतू जायचं, मी गल्लीतून हाका मारायचे, पण मान काही वळायची नाही.”

“मला कधी बोलली नाही.”

“तुम्ही हसला असतात.”

शास्त्री आत्ताच हसले होते.

“मग सगळीकडे गंगा कशाला लिहिली?” मुकुलने विचारलं.

“मीपण विचारलं होतं,” लतिकाबाई म्हणाल्या. “म्हणाल्या, रोज माझं माणूस तिच्या हवाली करते. तिला खूश ठेवायला नको?”

मुकुलने कागद गुंडाळला. “बदलतो, काका. दुसरं काय घेऊ?”

शास्त्र्यांनी बंद खिडकीकडे पाहिलं. “ही चित्रात येईल?”

“येईल की. पण नदीतून बघावी लागेल. घाटावर इतक्या खिडक्या, त्यातली आपली कोणती, ते कसं समजणार?”

“तू नाव करून नदीत जा. मी उघडून उभा राहतो.”

वर्षभर माकडांमुळे ती खिडकी कोणी उघडली नव्हती. कडी निघेना. शास्त्र्यांनी हाताने ठोकून ठोकून ती काढली आणि दारं बाहेर ढकलली.

ते या खिडकीत कधी उभे राहिले नव्हते. नदी त्यांना खालूनच माहीत होती: पायाखालचं शेवाळ, छातीला लागणारा गारवा, चार हात मारले की पाठीमागे पडणारा काठ. वरून ती नुसतीच पसरलेली दिसत होती. पलीकडच्या वाळूपर्यंत पाणीच पाणी.

मुकुलची नाव लांब लांब गेली. आत बसलेल्या दोघांपैकी मुकुल कोण आणि वल्हवणारा मल्लाह कोण, तेही कळेना. वारा सुटला. नाव एकदा एका अंगाला कलली, मग सावरली. शास्त्र्यांनी खिडकीची चौकट घट्ट धरली.

“मुकुल! पुरे झालं! परत ये आता!”

तिकडे नावेत मुकुल मान खाली घालून कागदावर खिडकी काढत होता. तिथवर आवाज पोचत नव्हता.