चाक न काढता

धाकट्याची व्हॅन थेट थोरल्याच्याच दारात उभी होती.

दुपारी गॅरेजमधून जेवायला आलेला थोरला फाटकाशीच थबकला. त्याची स्वतःची गाडी जॅकवर चढवलेली, पुढचं चाक काढून कुंपणाला टेकवलेलं, आणि शेजारी धाकटा भाऊ मांडी घालून बसलेला. व्हॅनवर ठळक अक्षरांत रंगवलं होतं, ‘ब्रेकदुरुस्ती तुमच्या दारी’. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही व्हॅन गेलं वर्षभर त्याच्या डोळ्यांत सलत होती. तीस वर्षं एका जागी राबून त्यानं नाव कमावलं होतं. लोक त्याला ‘कानवाले दादा’ म्हणायचे. गाडीची काच खाली करायची, गॅरेजमागच्या लांब भिंतीलगत गाडी हळू न्यायची आणि ब्रेक दाबायचा. भिंत आवाज परत फेकते. तो ऐकून थोरला सांगायचा, पुढचं डावं, पॅड संपलंय. चाक न काढता! ज्याला चाक काढून बघावं लागतं तो कसला कारागीर, हे त्याचं लाडकं वाक्य. ते तो धाकट्याकडे बघूनच म्हणायचा, कारण धाकटा चाक काढल्याशिवाय कुठल्याच कामाला हात घालत नसे. असला हा ढ आता दारोदार फिरत होता, आणि लोक फोन करकरून त्याची वाट बघत होते.

तेवढंही थोरल्यानं गिळलं असतं. पण धाकटा नेमकी त्याचीच गिऱ्हाइकं पळवत होता. दातांच्या डॉक्टरीणबाई ‘ब्रेक ओरडतात’ म्हणून आल्या. थोरल्यानं भिंतीलगत फेरी मारली आणि ‘काही नाही, धूळ बसलीय’ म्हणून त्यांना परत पाठवलं. त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात ही व्हॅन. शिंप्याचं तसंच झालं. टॅक्सीवाल्याचंही तसंच. वर त्या डॉक्टरीणबाई परवा रस्त्यात भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, “भावाला पाठवलंत ते फार बरं केलंत हो!” तो टोमणा थोरल्याला अजून पचला नव्हता.

आणि आज हा पठ्ठ्या घरातच शिरला होता.

“तुला कोणी बोलावलं रे?”

“मी बोलावलं,” पायरीवरून बायको म्हणाली. गॅरेजमध्ये टेबलाशी बसून फोन घ्यायची ती हीच. “आपली पोरगी चार वाजता ही गाडी घेऊन उताराच्या रस्त्यानं जाणार आहे. बरोबर तान्हं मूल आहे. महिनाभर सांगतेय तुम्हाला, ब्रेक ओरडतात.”

“कालच ऐकलंय मी. काही झालेलं नाही.” थोरला धाकट्याकडे वळला. “चढव ते चाक. समोर कारखान्याची भिंत आहे, तिच्या कडेनं ने गाडी. आवाज आला तर तू म्हणशील ते खरं. नाही आला, तर ही व्हॅन पुन्हा माझ्या नजरेला पडता कामा नये.”

धाकट्यानं वहिनीकडे पाहिलं. मग चाक बसवलं, नट आवळले, जॅक उतरवला.

थोरला भिंतीकडे कान करून, डोळे मिटून उभा राहिला. गाडी आली. इंजिनाची घरघर त्याला ऐकू आली, टायरखालची खडी ऐकू आली. धाकट्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. बाकी काही नाही.

जिंकलो, असं म्हणायला त्यानं डोळे उघडले. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई तोंड वेडंवाकडं करून खाली बघत होती. भिंतीच्या सावलीत झोपलेलं कुत्रं दचकून उठलं होतं. बायकोचे दोन्ही तळवे कानांवर होते.

“पुन्हा,” थोरला म्हणाला. या वेळी त्यानं डोळे उघडे ठेवले. गाडी थांबली, बायकोनं पुन्हा कान झाकले, कुत्रं पळून गेलं. थोरल्याला फक्त खडी ऐकू आली. आणखी एकदा ‘पुन्हा’ म्हणायची त्याची छाती झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या गाडीची भीती वाटली.

धाकट्यानं गाडी दारात आणली, चाक परत उतरवलं आणि झिजलेलं पॅड काढून थोरल्याच्या हातावर ठेवलं. ते नखाएवढं पातळ झालं होतं. कडेची पत्र्याची बारीक पट्टी घासून घासून लखलखत होती. पॅड संपत आलं की ती डिस्कला घासते आणि किंचाळते, तेवढ्यासाठीच ती बसवलेली असते. हे धाकट्याला त्यानंच शिकवलं होतं.

“कधीपासून?” त्यानं बायकोला विचारलं.

“वर्ष होऊन गेलं. बोललेलं सगळं ऐकू येतं तुम्हाला, तो बारीक आवाज तेवढा येत नाही. सांगायला गेलं की अंगावर येता. मग तुम्ही गाडी परत पाठवलीत, की मी भाऊजींना फोन करते.”

थोरला पायरीवर बसला. डॉक्टरीणबाई, शिंपी, टॅक्सीवाला. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

“लोक काय म्हणत असतील रे?” त्यानं धाकट्याला कसंबसं विचारलं. “कानवाले दादा...”

धाकटा नवं पॅड बसवत होता. मान वर न करता तो म्हणाला, “लोकांना काय ठाऊक? मी दारात गेलो की सगळ्यांना एकच सांगतो. दादानं पाठवलंय, म्हणाला, मला शंका येतेय, एकदा चाक काढून बघून ये.”