गणपतीची जास्वंद

लेकीकडून परतलेल्या प्रमिलाकाकू चतुर्थीच्या सकाळी परडी घेऊन सोसायटीच्या बागेत उतरल्या. जास्वंद लालभडक फुलली होती. काकूंनी फूल खुडायला हात घातला आणि मूठ रिकामीच मिटली.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. बाग नाहीशी झाली. समोर नुसतं काँक्रीट आणि त्यावर गाड्यांची रांग.

"काकू, चष्मा काढू नका!" सेक्रेटरी श्रीपाद देवस्थळी धावत आला. "तुम्ही नव्हतात तेव्हा झाडं काढली. तीच बाग आता सगळ्यांच्या स्मार्ट चष्म्यात बसवलीय. बारा महिने बहर, फुलचोरांची कटकट नाही, आणि बघूनच बीपी उतरतं."

"मेल्या, ती जास्वंद मी लावली होती!"

"दिसतेय ना अजून? मग बिघडलं कुठे?"

काकूंनी त्याच्या नाकावरचा चष्मा ओढून काढला. श्रीपादने समोर पाहिलं आणि चष्म्यासाठी हात पुढे केला.

"द्या ना तो, काकू. हे बघवत नाही हो."

"जे बघवत नाही, ते केलंस कशाला?" चष्मा परडीत टाकून काकू जिन्याकडे वळल्या. "आज गणपतीला हाच वाहते."