भेंडीचा शेंडा
जवळा गावच्या आठवडी बाजारात पंचफुलाबाई भेंडीचा शेंडा मोडून बघितल्याशिवाय ती घेत नसत. त्यावरून भाजीवाला मसाजी त्यांच्याशी वीस वर्षं भांडत आला होता. आज त्यांची सून एकटीच आली, तेव्हा त्याला बरंच वाटलं. पुतणीच्या लग्नात त्याची दोन दिवस तोडणी राहिली होती. जून झालेली भेंडी त्यानं कवळ्या भेंडीत मिसळली होती. सुनेनं एकही न मोडता किलोभर मागितली. “सासू न्हाई आली व्हय?” मसाजीनं पारड्यात भेंडी टाकत विचारलं. “गुडघे धरलेत, मामा.” “अन् तू मोडून काहून न्हाई बघून राहिली?” “त्याच म्हणल्या, मसाजीची मोडून बघू नको. इतकी वर्षं मोडली, एक जून निघाली न्हाई.” मसाजीचा हात थांबला. त्यानं पारडं पुन्हा ढिगावर रिकामं केलं आणि एकेक शेंडा स्वतः मोडत तिची पिशवी भरू लागला.