होकार

क्लिनिकच्या पत्रकात सगळं लिहिलं होतं: कपाळावर इंजेक्शन घेतल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही, भुवया जड वाटतील, दोन आठवड्यांत सुरकुत्या जातील. आईच चिडवायची, "माझ्याहून तूच म्हातारी दिसतेस गं!" म्हणून तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या फोटोसाठी टोचून घेतलं. पण वाढदिवसाआधीच आई ऑकलंडच्या इस्पितळात पोचली. तिचे कान केव्हाच गेले होते. माझा हात धरून तिनं विचारलं, "पोरी, माझ्यामागं तेविताशी बोलशील ना? भाऊ आहे तुझा." नऊ वर्षांचा राग क्षणात गेला आणि मी भुवया उंचावल्या. आम्हा टोंगन माणसांचा होकार तोच. कपाळ हललंच नाही. घाबरून मी मान डोलावली. "मान गोऱ्यांपुढं डोलाव," ती म्हणाली. अंगठा टेकवून तिनं माझी भुवई वर सरकवली. हात थकून खाली आला, तशी भुवईही खाली आली.