माघार

"इरा तिच्या आईकडेच राहू दे. मला नको," श्रीरंग म्हणाला आणि समोरच्या कागदाकडे बघत राहिला.

कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात वृंदाताई पंधरा वर्षं जोडप्यांची भांडणं ऐकत आल्या होत्या. जास्त पदरात पडावं म्हणून खोटं बोलणारे त्या लगेच ओळखत. पण मागच्या तारखेपर्यंत मुलीसाठी हट्टाला पेटलेला हा बाप आज एकाएकी माघार का घेतोय, ते त्यांना कळेना. त्यांनी सहज विचारलं, "मुलीला काही औषध चालू आहे?"

"दम्याचा पंप. सकाळ-संध्याकाळ. नंतर चूळ भरायला लावावी लागते, विसरते ती..."

वृंदाताईंनी पेन खाली ठेवलं. "आता खरं सांगा."

"जजसाहेब तिला विचारणार, आई हवी की बाबा. आठ वर्षांची आहे हो ती. शनिवारी माझ्याकडे आली, तर जेवताना नुसती रडत होती. मीच नको म्हटलं, तर तिला कोण कशाला विचारेल?"

"हे मेघनाताईंना सांगू?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

इराची आई मेघना बाहेर बाकावर बसली होती. वृंदाताईंनी तिला सगळं सांगितलं, तशी ती तडक आत येऊन त्याच्यासमोर बसली.

"मला वाटत होतं, तुला फक्त मला हरवायचंय," ती म्हणाली. मग डोळे पुसत वृंदाताईंकडे वळली. "इराला कोर्टात आणायचं नाही. आम्ही दोघं बोलून ठरवतो. थोडा वेळ द्याल?"

वृंदाताई बाहेर आल्या आणि त्यांनी हळूच दार ओढून घेतलं.