बंडीची घडी

ब्रा सोडाच, साधा ब्लाउजसुद्धा हेमांगीला सोसत नव्हता. ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढला होता आणि त्या जागेवरची सूज संध्याकाळपर्यंत वाढत जायची. म्हणून तिने शिकाऊ बंडी मागवली. पहिला आठवडा जी बाई ती घालेल, तिचं अंग बंडी शिकायची आणि मग त्याप्रमाणे सैल-घट्ट व्हायची.

हेमांगी टाके काढून माहेरून परतली, तोवर सासूबाईंनी आठवडाभर घालून बंडीची घडी मोडली होती.

"अहो आई, ती माझं अंग शिकणार होती!"

"कोरं कापड बोचतं गं. तान्ह्या बाळाला तरी आपण कोरं घालतो का?"

हेमांगीने चिडूनच बंडी चढवली. उजवीकडे ती सासूबाईंच्या मापाची, चांगली ढगळ होती. डावीकडे मात्र कापड टाक्यांच्या व्रणाला अलगद टेकलं आणि संध्याकाळी सूज चढली तसं आपणहून सैल झालं. कुठेच काचलं नाही.

"हिला डावी बाजू कशी कळली?"

"डावी छाती पट्टीने सपाट बांधून वर जुन्या लुगड्याचा बोळा ठेवत होते," सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या. "दिवस कलला की जरा मोठा करायचा. तू माहेरी जाईपर्यंत तुझं बघत होतेच की रोज."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि बंडी अचानक पार ढिली पडली. बिघडली वाटतं, म्हणून हेमांगीने कंपनीला फोन लावायला घेतला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. सासूबाईंची रोज याच वेळची वामकुक्षी सुरू झाली होती.

तिने फोन ठेवला, उशी उचलली आणि त्यांच्या शेजारी जाऊन आडवी झाली.