मांडीवरचा दांडा

दांडा मांड्यांवर येऊन खटकन अडकला आणि ताईच्या कानात पुन्हा धाकट्याची हाक घुमली, ‘ताई, ओढ! जोरात ओढ!’

त्या हाकेबद्दल ती कधी कुणाशी बोलली नव्हती. रोलर कोस्टरच्या गाडीत दोघं बहीणभाऊ शेजारी बसले होते. ती परत आली, तो आला नाही, एवढंच लोकांना ठाऊक होतं. पुढे तिने हेच काम धरलं. बसणाऱ्याला जागेवर धरून ठेवणारे दांडे बनवायचे. कारखान्यात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत.

आज मनोरंजन पार्कचे नवे मालक तिच्या नव्या दांड्याची चाचणी बघायला कारखान्यात आले होते. आणि न सांगता आईही येऊन उभी होती. धाकटा गेल्यापासून ती साध्या झोपाळ्यावरही बसली नव्हती.

“मी बसून बघते,” आई म्हणाली.

“आई, कशाला उगाच?”

“तू ऊठ.”

कारखान्यातल्या मिस्त्रींनी बटण दाबून दांडा उघडला, तशी ताई उठली. आईचं अंग अगदी काडीसारखं, तरी दांडा बरोबर पोटाशी येऊन थांबला. मिस्त्रींनी तिला खांद्याला धरून उचलून पाहिलं. ती तसूभर हलली नाही.

“वा!” मालक खूश झाले. “काकू, आता आभाळ कोसळलं तरी तुम्ही पडायच्या नाहीत. तेव्हा असा दांडा असता, तर तुमचा मुलगा...” त्यांनी जीभ चावली.

 आई दोन्ही हातांनी दांडा वर रेटत राहिली. तिची बोटं पांढरी पडली. 

“अजून एक कुलूप टाका, ताई,” मालक म्हणाले. “दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकूनच प्यायला हवं.”

“दोन आहेत. पुरेत.” ताईची नजर आईवरून हलत नव्हती.

“वीज बंद करा,” आई म्हणाली.

मिस्त्रींनी ताईकडे पाहिलं. तिने मान हलवली. दिवे गेले, पंखा घरघरत थांबला. दांडा तसाच घट्ट.

“बघा! वीज गेली तरी सोडत नाही पठ्ठ्या!” मालक हसले.

ताई गुडघ्यांवर बसली. आसनाखाली हात घालून तिने कडी हिसडली. दांडा अलगद वर गेला.

आईने मोकळ्या मांड्यांवरून हात फिरवला. मग मालकांकडे वळली.

“आमचा धाकटा पडला नव्हता हो. गाडीने पेट घेतला. सगळ्यांचे दांडे उघडले, त्याचा उघडला नाही.”